शिकविणारा आवाज

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅराडे व्याख्यानास उभे राहत, तेव्हां त्यांच्या पुढील टेबलावर तारा, चुंबक आणि काचेच्या नळ्या यांच्या गर्दींत एक साधें कार्ड ठेवलेलें असे. त्यावर ठळक अक्षरांत एकच शब्द लिहिलेला असे : ‘हळू’. बोलण्याच्या भरांत फॅराडे यांची नजर त्या कार्डावरून सुटली, तर त्यांचे सहायक सार्जंट अँडरसन यांनीं तें त्यांच्या डोळ्यांपुढें आणून ठेवावें, अशी योजना होती. वेळ संपत आली म्हणजे ‘वेळ’ असें लिहिलेलें दुसरें कार्ड पुढें येई. चुंबकापासून विद्युत् कशी निर्माण होते हें १८३१ सालीं दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञाला स्वतःच्या जिभेच्या वेगाची एवढी धास्ती वाटावी, हें वरवर पाहतां नवलाचें वाटेल. परंतु फॅराडे लोहाराचे चिरंजीव. शाळेचें शिक्षण लिहिण्यावाचण्यापलीकडे फारसें झालेलें नाहीं. पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करतां करतां, बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून त्यांनीं विद्या मिळविली. जो स्वतः कष्टानें शिकला, त्याला ऐकणारा कोठें मागें पडतो हें बरोबर कळतें. १८१३ सालीं, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, त्यांनीं एका मित्राला पत्रें लिहून चांगला व्याख्याता कसा असावा, त्यानें कसें उभें राहावें, कसें बोलावें, ऐकणाऱ्यांचें लक्ष कोठवर टिकतें, याची बारीक चर्चा केली आहे. पुढें त्यांनीं स्मार्ट नांवाच्या वक्तृत्वशिक्षकाकडे धडेही घेतले. १८६०-६१ च्या नाताळांत मुलांसाठीं त्यांनीं मेणबत्तीवर जीं व्याख्यानें दिलीं, तीं पुस्तकरूपानें आजही वाचलीं जातात. पण समोर बसलेल्या मुलांना मिळालें तें पुस्तकाच्या वाचकाला मिळत नाहीं. ज्योत डोळ्यांसमोर आणि तिच्याविषयींचे शब्द कानांत, एकाच क्षणीं; आणि शब्द उच्चारणारा माणूसही समोर उभा.

आज घरोघरीं मुलें मोबाईलच्या पडद्यावर जी शैक्षणिक चित्रफीत पाहतात, तींत यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी आहेत, तिसरी बहुधा नाहीं. पडद्यावर वीज चमकते, हृदय धडधडतें, त्रिकोणाची बाजू वाढविली जाते, आणि न दिसणारा कोणी तरी हें काय आहे तें सांगत असतो. तो कोण, कोणत्या गांवचा, किती शिकलेला, हें मुलाला ठाऊक नसतें. त्याच्यापाशीं केवळ एक आवाज असतो. त्या आवाजानें शिकण्यांत फरक पडतो काय, आणि पडत असल्यास त्याच्या कोणत्या गुणानें पडतो, हा प्रश्न मोबाईलपेक्षां पुष्कळ जुना आहे. त्याला निरनिराळ्या काळीं लोकांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं, आणि त्यांतील कांहीं मोठ्या आत्मविश्वासानें दिलेलीं उत्तरें चुकीचीं ठरलीं.

चित्राजवळून मूळ जाणकार दूर झाला तो जादूच्या कंदिलाच्या काळांत. हॉलंडचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनीं १६५९ च्या सुमारास हा कंदील तयार केला असें मानतात. काचेवर रंगविलेलें चित्र दिव्याच्या उजेडानें व भिंगाच्या योगानें भिंतीवर मोठें करून दाखवावयाचें, एवढीच ती युक्ति. आरंभीं ती भुतेंखेतें दाखवून लोकांना घाबरविण्याच्या कामीं आली. एकोणिसाव्या शतकांत मात्र शाळांत आणि सभागृहांत तिचा सर्रास उपयोग होऊं लागला. विलायतेंत काचांचे संच विकणारे व्यापारी त्यांच्याबरोबर छापील निवेदनही पुरवूं लागले. पहिल्या काचेला अमुक वाचा, दुसऱ्या काचेला तमुक वाचा. ज्याला विषयाचा गंधही नाहीं अशा गृहस्थानेंही कागद समोर धरून शंभर लोकांना हिमालयाची सफर घडवावी! जाणणारा एक आणि बोलणारा दुसरा, ही विभागणी येथें उघड दिसूं लागली, आणि ती आजतागायत चालू आहे.

महाराष्ट्रांत कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास याच यंत्रावर ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें खेळ सुरू केले. रामायण-महाभारतांतील प्रसंग काचांवर हातानें रंगवून, एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्था भराभर पालटून, त्यांनीं चित्रांना हालचाल दिली. आणि चित्रांच्या जोडीला निवेदन, संवाद व गाणीं ठेवलीं. मराठी श्रोत्यांना असा निवेदक परका वाटण्याचें कारण नव्हतें. त्यांच्या कानाला कीर्तनाची संवय होती. पूर्वरंगांतलें निरूपण आणि उत्तररंगांतलें आख्यान ऐकत वाढलेल्या माणसाला सांगणाऱ्याचा आवाज हा कथेचाच एक भाग वाटतो. कीर्तनकार मध्येंच थांबतो, समोरच्यांना प्रश्न विचारतो, पेंगणाऱ्याला कोपरखळी मारतो, आणि सर्वांकडून नामाचा गजर करवितो. विलायती छापील निवेदनांत ही सोय नव्हती.

पुढें मूकपट आला. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं, १९१२ सालीं, वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारा एक छोटा चित्रपट तयार केला होता. दिवसांमागून दिवस चालणारी क्रिया मिनिटभरांत डोळ्यांपुढें उलगडून दाखविणें, हें शैक्षणिक चित्रपटाचें बीज होय. पण तें चित्र मुकें होतें. मुक्या चित्राला वाणी देण्याची गरज सर्वांत अधिक ओळखली ती जपाननें. तेथें पडद्याशेजारीं बसून चित्राचें विवरण करणारे ‘बेन्शी’ नांवाचे कलावंत असत. पाश्चात्य चित्रपटांतील अपरिचित चालीरीति समजावून देणें हेंही त्यांचें काम. मूसेइ तोकुगावा यांच्यासारख्या बेन्शींची कीर्ति नटांच्या बरोबरीची होती, आणि प्रेक्षक चित्र कोणतें आहे यापेक्षां बोलणारा कोण आहे हें पाहून तिकीट काढीत. बोलपट आल्यावर हा व्यवसाय बुडाला. १९३२ सालीं बेन्शींनीं संप केला, तोही फुकट गेला. पुढें जगप्रसिद्ध झालेले दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे थोरले बंधु त्या संपांत पुढाकार घेणारे बेन्शी होते; १९३३ सालीं त्यांनीं स्वतःच्या हातानें जीवनयात्रा संपविली.

आतां आवाज फितीवरच चिकटला. एकच आवाज, एकच वेग, सर्व गांवांना सारखा. श्रोत्यांचे चेहरे पाहून सावकाश होण्याची फॅराडे यांची सोय गेली; ‘हळू’ हें कार्ड आतां कोणीं कोणापुढें धरावयाचें? अमेरिकेंत १९३५ पासून चित्रपटगृहांत दाखविल्या जाणाऱ्या ‘मार्च ऑफ टाइम’ या मालिकेंतील वेस्टब्रुक व्हान व्होरिस यांचा घनगंभीर स्वर अतिशय गाजला. न दिसतां सर्व जाणणाऱ्या अशा निवेदनाला पुढें ‘देवाचा आवाज’ असें टोपणनांव पडलें. भारतांत १९४८ सालीं स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट मुख्य चित्रपटापूर्वीं दाखविण्याची सक्ती होती, आणि मराठीसह अनेक भाषांत त्यांचें निवेदन केलें जाई. धरण असो, खत असो कीं देवीची लस असो, स्वर तोच : शुद्ध, भारदस्त आणि थोडासा उंचावरून आलेला. आकाशांतून आलेल्या या वाणीला प्रश्न विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नसे, आणि कदाचित् म्हणूनच तिचें उत्तरही कोणाच्या लक्षांत राहत नसे. त्या निवेदकांचा आवाज थोर होता यांत शंका नाहीं. थोर आवाज आणि शिकविणारा आवाज हे एकच, हा त्या काळचा समज होता.

तो समज खोटा आहे हें प्रथम ओळखलें तें चित्रपटवाल्यांनीं नव्हे, नभोवाणीवाल्यांनीं. आणि त्याला कारण नभोवाणीचें दारिद्र्य. तिच्याजवळ चित्रच नव्हतें. जें कांहीं साधावयाचें तें आवाजानेंच. बी.बी.सी.ची स्थापना १९२२ ची. १९२४ च्या एप्रिल महिन्यांत सर वॉल्फर्ड डेव्हिस यांनीं शाळांसाठीं संगीताचा पाठ ध्वनिक्षेपित केला. हे गृहस्थ न दिसणाऱ्या मुलांशीं समोर बसल्याप्रमाणें बोलत, आणि त्यांच्या या ढबेची ख्याति झाली. पण पुष्कळ विद्वान् मंडळी ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिलीं कीं टाउन हॉलमध्यें हजारोंच्या सभेपुढें उभी असल्यासारखीं गर्जत. ऐकणारा बिचारा आपल्या बैठकींत, शेगडीजवळ, एकटा किंवा पत्नीसह बसलेला. त्याच्या कानाशीं कोणी हजारोंना उद्देशून गर्जूं लागलें तर तो काय करील? यंत्राची खुंटी फिरवील.

ही गोष्ट ज्या बाईंनीं ओळखली त्यांचें नांव हिल्डा मॅथिसन. १९२७ ते १९३१ या काळांत त्या बी.बी.सी.च्या भाषणविभागाच्या संचालिका होत्या. निबंध वाचणें आणि बोलणें या दोन वेगळ्या कला आहेत, आणि श्रोता हा समुदाय नसून एक व्यक्ति आहे, हें त्यांच्या कामाचें सूत्र होतें. भाषण लिहून काढावयाचें, पण बोलल्यासारखें लिहावयाचें. मग वक्त्याला बसवून तालीम द्यावयाची. कागद वाचल्याचा वास येऊं लागला कीं थांबवावयाचें, असा त्यांचा परिपाठ. मोठमोठे लेखक आणि मुत्सद्दी यांना बोलावयास शिकविणें हें धाडसाचें काम, आणि तें एका तरुण बाईनें करावें ही त्या काळीं अनेकांना न रुचणारी गोष्ट. वरिष्ठांशीं मतभेद होऊन त्यांनीं ती जागा सोडली. १९३३ सालीं ध्वनिक्षेपणावर एक छोटें पुस्तक लिहिलें. आणि १९४० सालीं त्या वारल्या. त्यांचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं. परंतु त्यांच्याच विभागांत काम केलेले लायनेल फील्डन हे १९३५ सालीं भारतांत ध्वनिक्षेपणाचे नियंत्रक म्हणून आले, आणि १९३६ सालीं येथील सरकारी नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव त्यांच्याच कारकीर्दींत मिळालें. तेव्हां मुंबई केंद्रावरून मराठींत जीं भाषणें होत, त्यांना ‘दहा मिनिटांत संपवा आणि घरांत बोलतां तसें बोला’ अशा धर्तीची शिस्त लागली असेल, तर तिचें एक मूळ लंडनमधील त्या तालमीच्या खोलींत शोधावें लागेल.

पण त्याच बी.बी.सी.नें दुसऱ्या एका बाबतींत उलट वाट धरली. घरच्यासारखें बोला हें खरें. पण घर कोणाचें? १९२६ सालीं तेथें शुद्ध उच्चारांसाठीं एक सल्लागार समिति नेमण्यांत आली. कवि रॉबर्ट ब्रिजेस आणि त्यांच्यानंतर बर्नार्ड शॉ हे तिचे अध्यक्ष. ध्वनिशास्त्रज्ञ लॉइड जेम्स हे चिटणीस. शब्दांचे उच्चार ठरवितां ठरवितां दक्षिण इंग्लंडच्या सुशिक्षित वर्गाची बोली हीच नभोवाणीची बोली होऊन बसली. १९४१ सालीं, महायुद्धाच्या ऐन भरांत, यॉर्कशायरच्या हॅलिफॅक्स गांवचे विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचावयास बसविलें. ते आपल्या प्रांताच्या उच्चारानें वाचीत आणि शेवटीं उत्तरेकडील धाटणीनें शुभरात्रि म्हणत. त्यावर एकच काहूर उठलें. कित्येकांनीं लिहिलें कीं या आवाजांतली बातमी खरी वाटत नाहीं! बातमी तीच, शब्द तेच, छापील कागदही तोच. कांहीं महिन्यांत पिकल्स उत्तरेस परत गेले. विशेष हें कीं तक्रार करणाऱ्यांत खुद्द उत्तरेकडील लोकही होते. ज्याच्या बोलींत बातमी सांगितली जात होती, त्यालाही ती आपल्या बोलींत शोभेनाशी वाटली. पुण्याकडील ग्रांथिक भाषेला शुद्ध आणि वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलीला विनोदाची भाषा मानण्याची संवय ज्यांना आहे, त्यांना हा प्रकार समजावयास लंडनला जाण्याची गरज नाहीं.

महाराष्ट्रांत याच्या पुढची एक पायरी १९५६ सालीं पाहावयास मिळाली. युनेस्कोच्या साहाय्यानें पुणें केंद्रावरून पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील दीडशें खेड्यांसाठीं शेती व ग्रामसुधारणा यांवर वीस कार्यक्रम ध्वनिक्षेपित झाले. गांवोगांवीं श्रोत्यांचीं मंडळें स्थापन केलीं; कार्यक्रम संपला कीं त्यांनीं त्यावर चर्चा करावी, शंका कळवाव्या, आणि त्यांचीं उत्तरें पुढें नभोवाणीवरून मिळावीं, अशी व्यवस्था होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें याची पाहणी केली. जेथें मंडळें होतीं तेथील लोकांच्या माहितींत मोठी भर पडली. जेथें केवळ रेडिओ होता आणि मंडळ नव्हतें, तेथें ती फार थोडी पडली. दोन्हींकडे आवाज एकच पोंचला होता. पण एकीकडे त्याला उलट बोलतां येत होतें.

येथवर सर्व अनुभवाच्या आणि अदमासाच्या गोष्टी झाल्या. आवाजाला प्रयोगशाळेंत नेण्याचें काम अमेरिकेंत झालें. महायुद्धांत लक्षावधि शिपायांना चित्रपट दाखवून शिकविल्यावर, त्या चित्रपटांनीं खरोखर काय शिकविलें हा प्रश्न सरकारलाच पडला. १९४७ पासून पेनसिल्व्हेनियांतील विद्यापीठांत नौदलाच्या साहाय्यानें शैक्षणिक चित्रपटांवर वर्षानुवर्षें संशोधन चाललें. दोरीच्या गांठी कशा माराव्या यासारखे साधे विषय घेऊन, तेंच चित्र निरनिराळ्या निवेदनांनीं दाखवून पाहिलें. पाहणाऱ्याला सरळ ‘असें करा’ म्हणून सांगणारें निवेदन ‘असें केलें जातें’ या निवेदनापेक्षां सरस ठरलें. आणि निवेदकानें अखंड बडबड करण्यापेक्षां मधून मधून गप्प राहिलेलें बरें, असेंही दिसून आलें. हा दुसरा निष्कर्ष निवेदक मंडळींनीं अद्याप मनावर घेतलेला दिसत नाहीं.

आवाजाचा प्रश्न नेमका हातीं घेतला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनीं. आकाशांत वीज कशी तयार होते हें दाखविणारी दोन-अडीच मिनिटांची एक हलती चित्रमालिका त्यांच्या प्रयोगांत वारंवार येते. २००३ सालीं त्यांनीं व त्यांच्या दोन सहकारी संशोधिकांनीं तीच चित्रमालिका, तेच शब्द, पण निरनिराळे आवाज विद्यार्थ्यांना ऐकविले. पहिल्या प्रयोगांत एका गटाला अमेरिकन उच्चारांचा आवाज आणि दुसऱ्या गटाला रशियन धाटणीचा; दुसऱ्या प्रयोगांत एका गटाला माणसाचा आवाज आणि दुसऱ्याला यंत्रानें घडविलेला. मग दोन परीक्षा घेतल्या. पहिली आठवणीची : काय ऐकलें तें सांगा. दुसरी समजुतीची : वीज पडूं नये म्हणून काय करतां येईल, यासारखे न सांगितलेले प्रश्न सोडवा. आठवणीच्या परीक्षेचे निकाल संमिश्र आले. समजुतीच्या परीक्षेंत मात्र परिचित उच्चारांचा आवाज परक्या उच्चारांहून आणि माणसाचा आवाज यंत्राहून सरस ठरला. मेयर यांचें स्पष्टीकरण असें, कीं आवाजांत माणसाची चाहूल लागली कीं ऐकणारा त्या प्रसंगाला संभाषण समजतो. आणि संभाषणांत समोरच्याचें म्हणणें समजून घेण्याची जी एक सहज खटपट माणूस करतो, ती तो करूं लागतो. चाहूल लागली नाहीं तर शब्द कानांवरून जातात, क्वचित् पाठही होतात, पण त्यांच्याशीं झोंबी घेतली जात नाहीं.

पुढच्याच वर्षीं, २००४ मध्यें, मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याहून लहान आणि याहून आश्चर्यकारक फरक करून पाहिला. श्वसनक्रियेवरील सुमारें शंभर शब्दांच्या निवेदनांत त्यांनीं बारा ठिकाणीं एक इवलासा बदल केला : नुसतें ‘फुफ्फुसें’ असें न म्हणतां ‘तुमचीं फुफ्फुसें’ असें म्हटलें. एवढ्यानेंच विद्यार्थी न सांगितलेले प्रश्न अधिक चांगल्या रीतीनें सोडवूं लागले. आठवणींत फरक पडला नाहीं, समजुतींत पडला. हिल्डा मॅथिसन यांनीं सुमारें पाऊणशें वर्षांपूर्वीं कानानें जें हेरलें होतें, तें येथें परीक्षेच्या गुणांत मोजून मिळालें. मराठी निवेदकाची मात्र येथें खरी पंचाईत आहे. इंग्रजीला एका शब्दांत भागतें. मराठींत ‘तुझीं’, ‘तुमचीं’ कीं ‘आपलीं’ हें आधीं ठरवावें लागतें, आणि त्यांतून बोलणारा वडील भाऊ आहे, मास्तर आहे कीं सरकारी अंमलदार आहे, हें मुलाला पहिल्याच वाक्यांत कळतें. ‘आपलीं फुफ्फुसें’ म्हणण्यांत बोलणारा आणि ऐकणारा दोघेही आले, ही मराठीची खास सोय. चांगले गुरुजी ती न शिकवितांच वापरीत आले आहेत.

पण २००३ च्या प्रयोगाचा पहिला भाग जसाच्या तसा घेण्यांत धोका आहे. परक्या उच्चाराचा निवेदक कमी शिकवितो असें एकदां ठरलें, कीं प्रत्येक शाळा, प्रत्येक चित्रपटकर्ता ‘प्रमाण’ उच्चाराचा माणूस शोधूं लागणार, आणि बाकीच्यांना दार बंद. म्हणून त्याच्या जोडीला आणखी दोन प्रयोग वाचले पाहिजेत, आणि ते दोन्हीं त्यापूर्वींचे आहेत.

पहिला जॉर्जिया विद्यापीठांतील डोनाल्ड रुबिन यांचा, १९९२ सालचा. त्यांनीं चार मिनिटांचें एक व्याख्यान ध्वनिमुद्रित केलें. बोलणारी स्त्री जन्मापासून इंग्रजी बोलणारी अमेरिकन. हें एकच मुद्रण विद्यार्थ्यांना ऐकवितांना कांहींजणांपुढें गोऱ्या स्त्रीचें छायाचित्र ठेवलें, आणि कांहींजणांपुढें आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचें. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजांत परका उच्चार ऐकूं आला. इतकेंच झालें असतें तर हंसून सोडून देतां आलें असतें. पण त्यांना व्याख्यानही कमी समजलें. आवाजांत एका तसूचाही फरक नव्हता. कमीपणा कानांत होता, आणि त्याचे गुण मात्र बोलणारीच्या पदरीं पडले.

दुसरा प्रयोग कॅनडांतील मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांचा, १९९५ चा. चिनी मातृभाषेच्या लोकांचें इंग्रजी बोलणें त्यांनीं इंग्रजी श्रोत्यांना ऐकविलें, ऐकलेले शब्द लिहून काढावयास सांगितले, आणि उच्चार किती परका वाटतो याचेही गुण द्यावयास सांगितले. पुष्कळ वाक्यें अशीं निघालीं, कीं श्रोत्यांनीं त्यांचा उच्चार अतिशय परका ठरविला, आणि तरीही तीं शब्दशः अचूक लिहून काढलीं. म्हणजे उच्चार वेगळा असणें आणि बोलणें न समजणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. श्रोता तक्रार करतो पहिल्याची, आणि नांव देतो दुसऱ्याचें. विल्फ्रेड पिकल्स यांना हें १९४१ सालीं कोणी सांगितलें असतें, तर त्या बिचाऱ्यांना किती बरें वाटलें असतें!

हे दोन प्रयोग मेयर यांच्या निष्कर्षाला खोडून काढीत नाहींत. त्याचा अर्थ बदलतात. परक्या आवाजापुढें विद्यार्थ्याची समजूत तोकडी पडली हें खरें. पण ती आवाजाच्या दोषानें पडली कीं ऐकणाऱ्यानें संभाषणाचा हात आधींच आंखडता घेतल्यामुळें पडली, हें केवळ गुणांवरून कळत नाहीं. शिक्षकाच्या दृष्टीनें हा भेद मोठा आहे. पहिलें खरें असेल तर निवेदक बदलावा लागेल. दुसरें खरें असेल तर मुलांच्या कानांवर निरनिराळ्या गांवांचे आवाज लहानपणापासून पडूं द्यावे लागतील.

मेयर यांच्या दुसऱ्या निष्कर्षाची, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्या तुलनेची, गोष्ट आणखी वेगळ्या वळणावर गेली. २००३ सालचें बोलणारें यंत्र ओबडधोबड होतें. शब्द तुटक, सूर सपाट. २०१७ सालीं स्कॉटी क्रेग आणि नोआ श्रोडर या संशोधकांनीं १४० जणांवर नवा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत तीन आवाज होते : जुन्या धाटणीचें यंत्र, नव्या धाटणीचें यंत्र आणि खरा माणूस. नव्या यंत्रानें जुन्या यंत्राला मागें टाकलें, आणि शिकविण्याची हातोटी व विश्वासार्हता या बाबतींत श्रोत्यांनीं त्याला माणसाच्या बरोबरीनें गुण दिले. समजुतीच्या परीक्षेंतही त्याचे श्रोते पुढें होते. माणसाच्या आवाजांत कांहीं दैवी गूढ आहे असें मानणाऱ्यांना हा निकाल रुचणार नाहीं. पण विचार केल्यास तो मेयर यांच्या मूळ स्पष्टीकरणाला धरूनच आहे. कान माणूस शोधीत नाहीं, माणसाची चाहूल शोधतो. आणि चाहूल आतां बनवितां येऊं लागली आहे.

त्याच २०१७ सालीं भारत सरकारनें ‘दीक्षा’ ही शिक्षणव्यवस्था सुरू केली, आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर छापलेल्या चौकटी मोबाईलला दाखवून त्या धड्याची चित्रफीत पाहण्याची सोय महाराष्ट्रांतील मुलांनाही झाली. एकीकडे शिक्षकांनीं स्वतःच्या आवाजांत केलेल्या चित्रफिती आहेत. कोणाच्या बोलण्यांत नागपूर डोकावतें, कोणाच्या कोल्हापूर, कोणाच्या कणकवली. दुसरीकडे न अडखळतां, न खोकतां मराठी वाचून दाखविणारें यंत्र आहे, आणि तें दरवर्षीं अधिक सफाईनें बोलूं लागलें आहे. तें बोलावयास शिकतें तें माणसांच्या मुद्रित आवाजांवरून. तीं माणसें कोठलीं निवडावीं, चंद्रपूरचीं कीं पुण्याचीं, हें कोणी तरी एका खोलींत बसून ठरवितें. आणि त्या खोलींत उच्चारांची समिति पुन्हां एकदां भरलेली असते, फक्त तिच्या अध्यक्षस्थानीं या खेपेस बर्नार्ड शॉ नसतात.